पेटीला तेल देण्याआधी

स्वतः बनवलेल्या लाकडी पेटीला तेल कसं द्यावं, याबद्दलच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: तेल कुठलंही चालतं. तसं नाही. सुकणारं तेल हवं.

प्रश्न : घरात खोबरेल आणि शेंगदाणा तेल आहे. पेटीला लावू का?

नको. ती सुकत नाहीत, वर धूळ धरतात आणि काही महिन्यांत खवट वास मारू लागतात.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, ‘टीक ऑईल’ म्हणजे सागापासून काढलेलं तेल. खरं का?

साफ खोटं. ते बहुधा जवसाचं किंवा टंगचं (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं) तेल, थोडं व्हार्निश आणि पातळ करायला सॉल्व्हंट यांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं. डब्यावरचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक लिहिलेच नसतील तर कंपनीकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवा. पहिल्या पेटीला रंगवाल्याकडचं साधं बेल तेल, म्हणजे ड्रायर (लवकर सुकवणारी रसायनं) घातलेलं जवसाचं तेल, पुरेसं आहे. वाणसामानातलं जवसाचं खाद्यतेल घेऊ नका, ते सुकायला आठवडेच्या आठवडे घेतं.

प्रश्न : सागाच्या पेटीला बेल तेलाचे दोन जाड हात दिले. आठ दिवस झाले तरी चिकट लागते. आणखी एक हात देऊ?

अजिबात नाही. वर राहिलेलं तेल पुसलं गेलेलं नाही, त्याची साय धरली आहे. त्यात सागाच्या अंगचे तेलकट घटक सुकणं लांबवतात आणि पावसाळी हवा भर घालते. खिडक्या उघड्या ठेवून टर्पेंटाईनच्या फडक्याने चिकटपणा उतरवा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मग 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका फिरवा. पुढचा हात देताना वीतभर पेटीला बाहेरून दोन चहाचे चमचे तेल पुरतं. चोळा, 15 ते 20 मिनिटं थांबा, फडक्याला तेल लागेनासं होईपर्यंत पुसा, निदान 24 तास जाऊ द्या. सांध्यापाशी फिकट डाग दिसले तर तिथे फेविकॉल राहिलंय. ते पटाशीने खरवडावं लागेल, तेल त्यातून आत जात नाही. एवढ्यानेही चिकटपणा गेला नाही, तर पॉलिशच्या मिस्त्रीला पेटी दाखवा.

प्रश्न : तेलाची फडकी पुढच्या हातासाठी पिशवीत भरून ठेवली तर चालेल ना?

आधी ती पिशवी रिकामी करा, उत्तर मग वाचा. बेल तेल उडून जाऊन सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळ्यात ती कोंडते, त्यामुळे तेल आणखी वेगाने ऑक्सिजन घेतं, आणखी तापतं आणि काही तासांत, काडी न लावता, कापड पेट घेऊ शकतं. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच ठेवतात’ हे ऐकून कृपा करून निश्चिंत राहू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीत 23 फेब्रुवारी 1991 रोजी लागलेली आग जवस तेलाच्या अशाच फडक्यांतून पेटली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. फडकं काम संपताच घराबाहेर, उन्हाच्या झळेपासून दूर, घडी न घालता एकेरी पसरा. कडक झाल्यावरच टाका. जागा नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. तेलात भिजलेल्या भुशालाही हेच लागू. अशा कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची, ते जवळच्या अग्निशमन केंद्रात विचारा.

प्रश्न : आतूनही तेल देऊ का? वेलची-लवंग ठेवायची आहे.

आतून कोरंच ठेवा. बंद पेटीत तेलाचा वास महिनोन्‌महिने कोंडतो, आणि बेल तेलातले ड्रायर खाण्याच्या वस्तूंसाठी नसतात. मसाल्यांना आत काचेची बाटली ठेवा.

प्रश्न : आजीची पितळी पट्ट्यांची जुनी पेटी आहे. तिच्यावर प्रयोग करू?

प्रयोग उरलेल्या फळीच्या तुकड्यावर करा. जुन्या पेटीवर आधीचं पॉलिश काय आहे, ते जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. तोवर कोरड्या, मऊ फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नका.