फॅटी लिव्हरचा रिपोर्ट आल्यावर

प्रिय,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. ‘दारूला हात लावत नाही, अंगानेही फारसं जाड नाही, मग मलाच फॅटी लिव्हर का?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराचा काही भाग तुझ्याच पत्रात आहे: जन्माच्या वेळी वजन दोन किलो, आणि शाळेच्या वयात भराभर वाढलेलं पोट.

गर्भात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर मेंदूला आधी पुरवतं. यकृत, स्वादुपिंड आणि स्नायूंच्या वाट्याला त्या मानाने कमी येतं. या काटकसरीची किंमत मोठेपणी मोजावी लागते, असा विचार ब्रिटनमधल्या हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडला. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीत तपासली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणं इतरांपेक्षा जड जात होतं. नुसतं कमी वजनाने जन्मणं तितकं घातक नसतं. त्यावर पुढे झपाट्याने चढलेली चरबी जास्त नडते. स्नायू कमी असले की साखर साठवायला जागा कमी, आणि उरलेल्या साखरेची चरबी करायचं काम यकृताकडे येतं.

आई याबद्दल स्वतःला दोष देत असेल, तर तिला थांबव. तिच्या हातात तेव्हा जे होतं ते तिने दिलं. आणि जन्मापासून आलेला हा कल म्हणजे काही निकाल नव्हे.

आता आजचं बोलू. सगळ्यात आधी गोड पेयं बंद कर, पॅकबंद ज्यूससुद्धा. त्यांतलं फ्रुक्टोज (साखरेचा एक प्रकार) एकदम आणि भरपूर आलं की बहुतेक थेट यकृतात जातं आणि तिथे त्याची चरबी होते. अख्खं फळ मात्र खुशाल खा. त्यातल्या तंतूंमुळे साखर हळूहळू शोषली जाते, शिवाय पोटही भरतं. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही ओसरू शकते. पण उपाशी राहून घाईने उतरवू नकोस, त्याने यकृताचं दुखणं वाढू शकतं. चालण्याबरोबर वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच, तुझ्या बाबतीत तर जास्तच.

रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते नॉर्मल असतानाही आत यकृत घट्ट होत असू शकतं. फायब्रोस्कॅनची, म्हणजे यकृत किती घट्ट झालंय ते मोजणाऱ्या तपासणीची, गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार.

ताईला बाळ होणार आहे असंही लिहिलंस. तिला माझा निरोप दे: पहिले सहा महिने शक्यतो फक्त आईचं दूध, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको. आणि बाळ बारीक जन्मलं, तर त्याला गुटगुटीत करण्याची घाई घरात कुणालाही करू देऊ नकोस. वाढीचा वेग बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

पुढच्या पत्रात कंबरेचं माप आणि रोज काय पितोय-खातोय, ते जसंच्या तसं लिही.