पोराला बास्केटबॉलची फुल स्कॉलरशिप मिळतेय, तरी आयव्हीसाठी घरावर कर्ज काढायचं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचा मोठ्ठा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. मुलगा बारावीला, सहा फूट चार इंच, पॉइंट गार्ड. गेल्या जानेवारीत त्याचा हजारावा पॉइंट झाला, इकडे हायस्कूलवाले तेवढ्यासाठी मॅच थांबवून फोटो काढतात, तो रंगवलेला बॉल आता यांच्या देवघराशेजारच्या शेल्फवर आहे आणि सासूबाई पूजेच्या वेळी त्यालाही हळदकुंकू लावतात. (हे वाचून मी पाच मिनिटं नुसता हसत होतो.)

तर आता नोव्हेंबरच्या आत ठरवायचंय. ओहायोतलं एक मिड-मेजर कॉलेज (बड्या नावांच्या खालची फळी), डिव्हिजन वन (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी), फुल स्कॉलरशिप देतंय आणि वर पहिल्या वर्षाचे २५ हजार डॉलर. दुसरीकडे एका आयव्ही (हार्वर्ड-येलच्या गटातल्या) कॉलेजच्या कोचला मुलगा हवाय, पण तिथे खेळासाठी पैसे नाहीत, त्यांनी फायनान्शियल एडचा प्री-रीड (प्रवेशाआधीचा अंदाज) करून सांगितलंय की तुम्हाला वर्षाला साधारण ४८ हजार भरावे लागतील. तिसरं रटगर्स, इथलीच सरकारी युनिव्हर्सिटी, खेळ सोडून नुसतं शिक्षण. दोघांचा मिळून पगार २ लाख ६० हजार, मुलाच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं टॅक्स-सवलतीचं बचत खातं) ९६ हजार, आठवीतल्या मुलीच्या ५२९ मध्ये ४० हजार. मिस्टरांचं म्हणणं आयव्ही ती आयव्ही, दोन्ही ५२९ एकत्र करू आणि उरलेल्यासाठी घरावर हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज) घेऊ. ताईंचं म्हणणं, फुकट मिळतंय ते का लाथाडायचं.

ताई, तुम्ही म्हणताय 'फुकट', मिस्टर म्हणतायत 'इन्व्हेस्टमेंट', आणि घरातलं निम्मं भांडण या दोन शब्दांचंच आहे असं मला वाटतं, म्हणून आधी तेच सोलून बघू.

ते २५ हजार आधी घ्या. ते पगार म्हणून येणार नाहीत. एनआयएल (खेळाडूच्या नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीचे पैसे) असो नाहीतर कॉलेजचा रेव्हेन्यू शेअर (कॉलेजच्या कमाईतला वाटा), हातात १०९९ (स्वतंत्र कमाईचा टॅक्स फॉर्म) पडतो, म्हणजे टॅक्स खात्याच्या, आयआरएसच्या लेखी तुमचा पोरगा धंदा करतोय. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के, मग फेडरल, मग ओहायोचा. शिवाय स्कॉलरशिपमधला ट्युशन, फी आणि पुस्तकांचा भाग टॅक्स-फ्री असतो, पण राहण्या-जेवणाचा भाग टॅक्सेबल असतो, हे निम्म्या आईबापांना एप्रिलमध्ये कळतं, आणि त्यातला बराच भाग किडी टॅक्समुळे तुमच्या रेटने लागतो, पोराच्या नाही. तुम्ही मेलच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की एएयूमधले (शाळेबाहेरचं क्लब बास्केटबॉल) एक 'ॲडव्हायझर' आहेत, ते १५ टक्के घेणार. मी ढोबळ हिशेब केला, ३७५० त्यांचे, तीनेक हजार सेल्फ-एम्प्लॉयमेंट, मग बाकीचे टॅक्स, हातात राहतात साधारण १४ हजार. आणि तेही दर तीन महिन्यांनी एस्टिमेटेड टॅक्स भरला तर, नाहीतर वर पेनल्टी. तुम्ही दोघं ओहायोला मॅच बघायला जाणार, एडिसनहून गाडीने आठ-नऊ तास, हॉटेल, कधी फ्लाइट, त्यात चार-पाच हजार सहज जातील (आणि तुम्ही जाणारच, नाही म्हणू नका). म्हणजे उरले नऊ-दहा हजार. वाईट नाहीत. पण यासाठी चार वर्षांचा निर्णय फिरवावा एवढेही नाहीत.

त्यातून हे पैसे एका वर्षाचे. २०२५ च्या जूनमध्ये हाउस सेटलमेंट (खेळाडूंनी एनसीएएवर, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेवर, केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाली, तेव्हापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. मोठी कॉलेजं तिथपर्यंत जातात, मिड-मेजरकडे त्यातला छोटा तुकडा असतो आणि तो कोच दरवर्षी नव्याने वाटतो. आता खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलता येतं, मधे एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे कोच काय करतो, १८ वर्षांच्या पोराला दोन वर्षं घडवत बसण्यापेक्षा ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) २२ वर्षांचा तयार गडी उचलतो. रोस्टर (टीमची यादी) १५ जणांचं, त्यात तुमच्या मुलाच्या जागी पुढच्या वर्षी कोण येईल हे आज त्या कोचलाही माहीत नसेल.

आणि कोच तरी राहणार का? तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, २०२२ च्या एनसीएए स्पर्धेत पंधराव्या सीडवरून (म्हणजे तळाच्या मानांकनावरून) केंटकीला हरवलं, परड्यूला हरवलं, एलिट एटपर्यंत (शेवटच्या आठांत) गेलं, त्याआधी पंधराव्या सीडच्या कुठल्याच टीमला ते जमलं नव्हतं. लगेच कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि टीममधली बरीच पोरं पांगली. यात कुणाची चूक नाही, त्यांनी त्यांचं करिअर बघितलं. पण 'कोच फार चांगले आहेत, घरी जेवून गेले, पुरणपोळी दोनदा मागून घेतली' हे तुम्ही जे लिहिलंय ना, ते हिशेबात शून्य धरा.

माझ्याकडे २०१९ मध्ये एक मराठी कुटुंब होतं, मुलगा दुसऱ्या एका खेळात होता, कॉलेजचं नाव नाही सांगत. पहिल्याच सीझनला गुडघ्याचं एसीएल गेलं, त्याच उन्हाळ्यात नवीन कोच आला, आणि जुलैत एक पानाचं पत्र आलं की पुढच्या वर्षी स्कॉलरशिप रिन्यू होत नाही. आईबाप मला म्हणाले, अहो पण चार वर्षांचं बोलणं झालं होतं. मी म्हणलं कागद दाखवा. कागदावर एक वर्ष. त्यांनी पुढची तीन वर्षं पॅरेंट प्लस लोन (आईबापांच्या नावावरचं सरकारी कर्ज) काढून भरली आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

त्यानंतर नियम बदललेत हे खरं. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये दुखापत झाली किंवा खेळ पडला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही. पण पोराने स्वतःहून पोर्टलमध्ये नाव टाकलं की ते संरक्षण गेलं, आणि 'तुला इथे मिनिटं मिळणार नाहीत रे बाबा' असं कोचने चार वेळा ऐकवलं की पोरं स्वतःहूनच नाव टाकतात. जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही (खेळाडूने कॉलेजला सही करून द्यायचं वचनपत्र) २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती फायनान्शियल एड ॲग्रीमेंटवर, म्हणजे जे काय आहे ते त्या कागदात, बाहेर काही नाही. रेव्हेन्यू शेअरचा करार वेगळा असतो आणि त्यात बऱ्याचदा लवकर सोडून गेलात तर पैसे परत द्या असं कलम असतं, ते शोधा.

आता आयव्ही. आयव्हीत ॲथलेटिक स्कॉलरशिप देतच नाहीत, कुणालाच नाही, आणि हाउस सेटलमेंटमध्येही ते आलेले नाहीत. जी मदत मिळते ती तुमच्या उत्पन्नावर. त्यातली चांगली बाजू लोक विसरतात, की ती मदत बास्केटबॉलला बांधलेली नाही. उद्या पोरगा म्हणाला मला नाही खेळायचं, तरी ४८ चे पूर्ण फीचे ९० होणार नाहीत. पण तुमचा पगार वाढला तर आकडा वाढेल, दरवर्षी नव्याने काढतात.

४८ गुणिले ४, १ लाख ९२ हजार. मुलाचे ९६ वजा केले की बरोब्बर ९६ उरतात. यासाठी हेलॉक? मिस्टरांना माझा निरोप द्या, नको म्हणून. व्याजदर बदलता, तारण राहतं घर, आणि ते फिटायच्या आत मुलगी कॉलेजला. मुलीच्या ४० ला तर हात पण लावू नका. तो बारावी झाला की ती नववीत जाणार, म्हणजे हा बाहेर पडतो त्याच वर्षी ती आत शिरणार, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. तिने काय घोडं मारलंय, तिला बास्केट टाकता येत नाही एवढंच ना?

करायचंच असेल तर असं. मुलाच्या नावावर फेडरल डायरेक्ट लोन, चार वर्षांचं मिळून २७ हजार मिळतं, थोडं ओझं त्याच्याही खांद्यावर राहू दे. उरले ६९ हजार, म्हणजे ४८ महिने साधारण १४४० डॉलर पगारातून. तुम्ही खर्चाची यादी पाठवलीत त्यात दोन गाड्यांच्या लीजचेच १३०० दिसतायत. फोर-ओ-वन-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मधली कंपनीची मॅच सोडायची नाही, बाकी कुठे कात्री लावायची ते तुमचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग आयव्हीचं नाव तेवढं मोलाचं आहे का? डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात सारख्याच कुवतीची पोरं मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली काय नि नाही गेली काय, पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि मंडळींनी पुन्हा बघितलं, सरासरीत फरक किरकोळच, पण कमाईत वरच्या १ टक्क्यात पोचायची शक्यता साधारण दीडपट. म्हणजे वॉल स्ट्रीट, कन्सल्टिंग असलं काही डोक्यात असेल तर नावाला किंमत आहे. तुमच्या मुलाला मेकॅनिकल इंजिनियरिंग करायचंय, तिथे तो फरक मला १ लाख ९२ हजारांचा वाटत नाही. गणपतीत मंडळात सांगायला भारी वाटेल, ते वेगळं.

खेळाच्या बाजूने म्हणाल तर आयव्हीत गेला म्हणजे दार बंद असंही नाही. डॅनी वुल्फ दोन वर्षं येलला खेळला, मग मिशिगनला गेला, २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या राउंडला २७ वा. पण हा हजारात एक, तुमचा धरू नका. एनसीएएचेच आकडे आहेत, हायस्कूलला खेळणाऱ्या शंभर मुलांतला साधारण एक डिव्हिजन वनला पोचतो, तिथपर्यंत तुमचा पोचलाय हेच खूप झालं, एनबीएचा रुपया आपल्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

एक बरंय की तो इथेच जन्मलेला. एच-4 वर (नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) असता तर ते २५ हजार विसराच, आणि एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसा) असता तरी अवघडच, परड्यूचा झॅक एडी कॅनडाचा, एवढा मोठा स्टार, त्यालाही व्हिसामुळे अमेरिकेत राहून एनआयएलचे पैसे सहज घेता येत नव्हते.

रटगर्स आयव्हीपेक्षा स्वस्त आहे, राहून-जेवून वर्षाला ३५ ते ४० हजार, पण खेळायची भूक असलेल्या पोराला सतराव्या वर्षी खेळ सोडायला लावून तुम्ही वर्षाला आठ ते तेरा हजार वाचवणार, मला नाही पटत.

तर माझा कौल ओहायोला, पण आत्ता नाही, कागद आल्यावर. फायनान्शियल एड ॲग्रीमेंट चार वर्षांचं हवं, एक अधिक तीन तोंडी नको. इंजिनियरिंगच्या लॅब दुपारी असतात आणि प्रॅक्टिसही दुपारीच, तेव्हा गेल्या काही वर्षांत टीममधल्या किती जणांनी इंजिनियरिंग पूर्ण केलं हे कोचला नका विचारू, ॲकॅडमिक ॲडव्हायझरला विचारा, तो एकही नाव सांगू शकला नाही तर तेच उत्तर समजा. आणि दुखापतीचा खर्च आधी कुणाचा इन्शुरन्स देणार हेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी आईबापांचा आधी लागतो आणि तुमचा प्लॅन एचएमओ आहे, नेटवर्क जर्सीचं, ओहायोत त्याचा उपयोग इमर्जन्सीपुरता. यातलं पहिलं किंवा दुसरं जमलं नाही तर आयव्ही, वर सांगितलं तसं, हेलॉकशिवाय.

ओहायो ठरलं तर ५२९ ला घाई करू नका. स्कॉलरशिपएवढी रक्कम पेनल्टीशिवाय काढता येते, फक्त वाढीवर टॅक्स लागतो, पण काढायचीच कशाला? त्याच्या मास्टर्सला ठेवा, नाहीतर बेनिफिशियरी बदलून मुलीच्या नावावर करा, खातं १५ वर्षं जुनं झालं की ३५ हजारांपर्यंत त्याच्या रॉथ आयआरएमध्येही (निवृत्तीचं खातं) हळूहळू टाकता येतात. आणि त्या २५ हजारातलेच काही पहिल्या वर्षीच रॉथमध्ये टाकायला लावा, कमावलेले पैसे आहेत, चालतात.

त्या ॲडव्हायझरना नमस्कार करून मोकळे व्हा. २५ हजारांच्या करारासाठी १५ टक्के कशाला, तासावर पैसे घेणारा वकील काही शे डॉलरात वाचून देईल.

सोमवारी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम सांभाळणारं ऑफिस) फोन करा, कोचला नाही. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट मागा, आला की मुलाचं नाव खोडून मला पाठवा, बघून सांगतो. आणि सासूबाईंना तो बॉल शेल्फवरून हलवायला लावू नका.