कोलोनोस्कोपी झाली, मग आता सीटी कशाला?

पोटविकार विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न हमखास येतो. नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी झाली, आतड्याचा तुकडाही लॅबला गेला, मग परत सीटी कशासाठी? त्याच्या पाठोपाठ दबक्या आवाजात दुसरा प्रश्न येतो: रेडिएशनने कॅन्सर तर होणार नाही ना?

अशाच एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा २३ वर्षांचा. वजन उतरलेलं, जेवलं की पोटात उजवीकडे खाली कळ, मधूनमधून जुलाब, संध्याकाळी कणकण. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे कोलोनोस्कोपीत व्रण दिसले होते, पण बायोप्सीचा, म्हणजे लॅबला गेलेल्या तुकड्याचा, रिपोर्ट कुठलाच स्पष्ट कौल देत नव्हता. डॉक्टरांनी सीटी एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतडं नीट दाखवणारी सीटी, सांगितली. आई आणि मामा बरोबर आले होते. बोलत होते ते मामाच. "मॅडम, एक सीटी म्हणजे चारशे एक्स-रे. मोबाइलवर आलंय. लग्नाचं वय आहे पोराचं."

मामांचं गणित अगदीच खोटं नव्हतं. छातीच्या एक्स-रेचा डोस इतका किरकोळ असतो की त्याच्या पटीत मोजली तर कुठलीही सीटी राक्षसी वाटते. मी त्यांना दुसरं माप दिलं. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या अंगावर येणारं नैसर्गिक रेडिएशन जागतिक सरासरीने वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) असतं. पोटाच्या सीटीचं ढोबळमानाने १० च्या आसपास, नव्या यंत्रांवर त्याहून कमीही. म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एकदम. त्याने पुढे कॅन्सरचा धोका वाढतो तो फार थोडा, पण शून्य म्हणता येत नाही. मी 'काही होत नाही हो' असं कधीच सांगत नाही. लोक घरी जाऊन वाचतात आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

डॉक्टरांना विचारायचं ते हे, की या तपासणीने उपचार बदलणार आहेत का? या मुलाच्या बाबतीत बदलणार होते. आपल्याकडे अशी लक्षणं दिसली की दोन आजार समोर उभे राहतात, क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा दीर्घकाळचा आजार) आणि आतड्याचा टीबी. क्रोन्समध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड देतात, आणि आत टीबी असेल तर तेच स्टेरॉइड त्याला मोकळं रान देतं. उलट क्रोन्सला टीबीच्या गोळ्या देत बसलं तर महिने जातात आणि तेवढ्या काळात आतडं अरुंद होत राहतं. कोलोनोस्कोपीची नळी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंतच पोचते. वरचे कित्येक मीटर तिला दिसत नाहीत, आणि भिंतीच्या बाहेरचंही काही दिसत नाही. सीटीत भिंतीची जाडी, गाठी, पू, अरुंद झालेला भाग, सगळं समोर येतं. लांबलचक भाग सुजलेला, मध्ये निरोगी पट्टे, आणि आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उठून दिसणाऱ्या, असं चित्र क्रोन्सकडे झुकतं. आखूड भाग आणि आतून सडलेल्या लिम्फच्या गाठी टीबीकडे. हे झुकणंच, शिक्कामोर्तब नव्हे.

एमआरआयने हेच बिनरेडिएशनचं होतं, हेही मी सांगितलं. पण त्याला वेळ आणि पैसा जास्त लागतो, नंबरही उशिरा लागत होता. ताप येत असताना थांबण्यात अर्थ नव्हता.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याची काळजी वेगळीच निघाली. "दीड लिटर प्यायचंय म्हणे. उलटी झाली तर?" खरं तर हे कुणी समजावूनच सांगत नाही. चार-सहा तास उपाशी राहायचं, मग मॅनिटॉल घातलेलं गोडसर पाणी पाऊण-एक तासात थोडं थोडं प्यायचं. त्याने आतडं फुगतं आणि भिंत नीट दिसते. पोट फुगून दुखायला लागलं तर तिथल्या स्टाफला लगेच सांगायचं, रेटून प्यायचं नाही. शिरेतून आयोडिनचं औषध जातं तेव्हा अंग गरम होतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, झालेली नसते. स्कॅन काही सेकंदांचा. नंतर काही तास जुलाब होतात, म्हणून लगेच एसटीत बसू नको म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, झालेली हवी. ॲलर्जी, दमा, मधुमेहाच्या गोळ्या सांगायच्या. बाईमाणसाने गरोदरपणाची शंकासुद्धा.

निघताना आईने विचारलं, "ताई, देवाजवळ मागू तरी काय? टीबी निघू दे म्हणू?" टीबी औषधांनी काही महिन्यांत बरा होतो, क्रोन्स जन्मभर सांभाळावा लागतो. काय सांगणार? मी नुसतं म्हटलं, "नक्की काय ते कळू दे, एवढं मागा."

सीटीचं चित्र क्रोन्सकडे झुकलं. बायोप्सी आणि टीबीच्या चाचण्या शेजारी ठेवून डॉक्टरांनी पुन्हा विचार केला, मगच उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी मुलाचं वजन वाढू लागलं, आणि मामा परत आले. "मॅडम, खात्रीसाठी एकदा परत सीटी करून घेऊ या ना?"

मी नको म्हटलं. पाठपुरावा शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनवर (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) आणि सोनोग्राफीवर चालला होता. अचानक पोट फुगलं, ताप चढला तर डॉक्टर सीटी सांगतीलच. पहिल्या सीटीची सीडी मात्र फाइलमध्ये जपून ठेवा म्हटलं, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर उगाच पुन्हा काढायला सांगणार नाहीत.