ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, तर आइस हॉकीत पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: भाचा कॅनडात वाढला, ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये म्हणजे ओएचएलमध्ये खेळतो, अठरा पूर्ण झाली, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी तरुण खेळाडू निवडतात त्या यादीत, नाव आलं नाही. घरचे म्हणतात, झालं तेवढं पुष्कळ, आता कॉलेज बघ. तर खरंच संपलं का?

संपलेलं नाही. शिवाय कॉलेज आणि हॉकी हे आता दोन वेगळे रस्ते राहिलेले नाहीत, त्याकडे पुढे येतो. आधी ड्राफ्टबद्दलचा गैरसमज काढून टाका. ड्राफ्टमध्ये नाव येणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे. 32 क्लब, 7 फेऱ्या, साधारण 224 नावं. ज्याचं नाव येतं त्याच्याशी करार करण्याचा हक्क ठरावीक मुदतीपुरता एकाच क्लबकडे जातो. पगार नाही, हमी नाही. साखरपुडा झाला, लग्न नाही. त्यातल्या बऱ्याच मुलांशी क्लब कधीच करार करत नाही. ज्याचं नाव आलं नाही, त्याच्यावर कोणाचाच हक्क नाही, आणि पुढे हीच गोष्ट त्याच्या फायद्याची ठरू शकते.

पहिलं काम: जन्मतारीख बघा. 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारा मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र होतो. उत्तर अमेरिकेतल्या मुलाची पात्रता तो ज्या कॅलेंडर वर्षात 20 चा होतो, त्या वर्षीच्या ड्राफ्टपर्यंत टिकते. उदाहरणार्थ, जन्म मार्च 2007 चा असेल तर 2025, 2026 आणि 2027 अशा तीन संधी. जन्म नोव्हेंबर 2006 चा असेल तर 2025 आणि 2026, दोनच. शेवटच्या ड्राफ्टमध्येही नाव आलं नाही, तर तो पूर्ण मोकळा खेळाडू होतो आणि 32 पैकी कोणत्याही क्लबशी बोलू शकतो. सातव्या फेरीत एखाद्या नको त्या क्लबने उचलण्यापेक्षा मोकळं राहणं कित्येकदा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. एजंटही खासगीत हेच म्हणतात.

भारतीय घरांसाठी जवळचं उदाहरण अर्शदीप बैन्सचं. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा मुलगा, जन्म जानेवारी 2001. 2019, 2020, 2021 अशा तिन्ही ड्राफ्टमध्ये नाव नाही. मग विसाव्या वर्षी रेड डीअर रेबल्सकडून पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये 2021-22 च्या हंगामात 112 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), लीगमध्ये सर्वाधिक. हंगाम संपायच्या आत, मार्च 2022 मध्ये व्हँकुव्हर कॅनक्सने करार केला. एनएचएलमधला पहिला सामना 20 फेब्रुवारी 2024 रोजी. मधली जवळजवळ दोन वर्षं तो ॲबट्सफर्डला एएचएल या एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये होता, आणि 2025 मध्ये त्याच संघाने त्या लीगचा काल्डर कप जिंकला. त्याच्याही आधी, एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू रॉबिन बावा. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. 1987 मध्ये वॉशिंग्टनने करार केला आणि चार क्लबकडून मिळून तो 61 सामने खेळला.

आता एकोणिसावं आणि विसावं वर्ष. इथे मुलं जास्त चुकतात. कॅनडाच्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगमध्ये प्रत्येक संघाला 20 वर्षांचे फक्त तीन खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे चांगला खेळणारा मुलगाही विसाव्या वर्षी जागेअभावी बाहेर पडतो. पूर्वी तेव्हा कॅनडातल्या विद्यापीठाचा रस्ता उरायचा, कारण अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार अशा मुलांना बंद होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने, तो नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ओएचएलमधून आलेला मुलगा अमेरिकेत पहिल्या विभागात कॉलेज हॉकी खेळू शकतो. ड्राफ्ट न झालेल्या मुलासाठी गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल. वीस ते चोवीस या वयात शरीर भरतं, आठवड्याला दोनच सामने असतात, उरलेले दिवस जिम आणि सराव. उशिरा पिकणाऱ्या खेळाडूला हेच हवं असतं.

पण त्याला कागदाची अट आहे. नववी ते बारावीत 16 कोअर (एनसीएएने मान्य केलेले मुख्य) विषय आणि त्यात 4 पैकी किमान 2.3 ची सरासरी लागते. ज्युनियर हॉकीत बसने फिरताना मुलं सोपे विषय घेतात आणि बारावीनंतर कळतं की दोन विषय कोअरमध्ये धरतच नाहीत. आजच गुणपत्रिका काढून मोजा. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. ओएचएलमधल्या प्रत्येक हंगामामागे साधारण एका वर्षाची फी आणि पुस्तकं मिळतात, पण अटी करारागणिक बदलतात: एनएचएलचा करार केला तर ती जाते का, खालच्या व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर वापरायची मुदत किती. हे कलम एजंटच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा.

कॉलेजमधून मोकळे खेळाडू म्हणून आलेल्यांची यादी मोठी आहे. व्हरमाँट विद्यापीठाचा मार्टिन सेंट लुईस, उंची जेमतेम 5 फूट 8 इंच. कॅलगरीने घेतला आणि 2000 मध्ये सोडून दिला, टॅम्पाने उचलला. 2003-04 मध्ये 94 गुणांसह लीगमध्ये पहिला आणि त्याच वर्षी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. फेरिस स्टेटचा क्रिस कुनित्झ, चार स्टॅनली कप. अशी नावं बघून हुरळून जाऊ नका, पण स्काउटची, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, नजर उंचीवर अडकते आणि कॉलेजमधली चार वर्षं ती चूक दुरुस्त करतात, एवढं यातून घ्या.

करार कसा असतो ते नीट समजून घ्या, कारण घरच्यांची फसगत इथेच होते. एनएचएल क्लबला एका वेळी जास्तीत जास्त 50 खेळाडूंशी करार ठेवता येतो. ड्राफ्ट न झालेल्या मुलाची खरी स्पर्धा या पन्नासातल्या शेवटच्या पाच-सहा जागांसाठी असते. पहिल्या कराराची लांबी क्लब ठरवत नाही, वय ठरवतं: करार ज्या वर्षी झाला त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरला वय 18 ते 21 असेल तर 3 वर्षं, 22-23 ला 2, 24 ला 1. चोविसाव्या वर्षी कॉलेजमधून निघालेल्या खेळाडूला एकच वर्ष मिळतं. त्यामुळे जम बसायला वेळ नाही, पण चांगला खेळला तर दुसरा, मोठा करारही लवकर. क्लब मार्च-एप्रिलमध्ये अशा मुलाला आमिष दाखवतात की आत्ताच सही कर, या हंगामातला एक सामना खेळवतो, तुझं पहिलं वर्ष त्यातच मोजलं जाईल. 22-23 च्या मुलासाठी हे खरोखर चांगलं आमिष आहे.

पैशाचं गणित करून दाखवतो. पहिला करार दुहेरी पगाराचा असतो: वर खेळलास तर एक दर, खाली खेळलास तर दुसरा, आणि दोन्ही दिवसावर मोजतात. 2025-26 मध्ये एनएचएलचा किमान पगार 7,75,000 अमेरिकन डॉलर होता. हंगाम साधारण 190 दिवसांचा, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आसपास. तोच मुलगा खाली एएचएलमध्ये असेल तर करारातला खालचा दर वर्षाला 80-85 हजार, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या आत. वर दहा दिवस राहिला, तर खालच्या अर्ध्या हंगामाएवढी कमाई. म्हणून तर खेळाडूला मंगळवारी बोलावून गुरुवारी परत पाठवतात. क्लब दिवस मोजत असतो.

याखेरीज फक्त एएचएलचा करार असतो. तो 50 मध्ये मोजला जात नाही, म्हणून क्लब तो सहज देतात. पण त्या करारावर असलेला खेळाडू एनएचएलचा वेगळा करार केल्याशिवाय वर जाऊच शकत नाही, आणि एएचएलच्याही खालच्या ईसीएचएल या लीगमध्ये मात्र जाऊ शकतो. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्यावर, काहीशे डॉलर, घर क्लबचं, आणि उन्हाळ्यात काही नाही. “प्रो करार मिळाला” असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणत्या लीगचा?

ईसीएचएलला नाकं मुरडू नका, पण तिथे किती काळ राहायचं हे आधी ठरवा. यानी गूर्दचं उदाहरण मला यासाठीच आवडतं. क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये 2011-12 ला 124 गुण, लीगमध्ये पहिला, तरी कोणी एनएचएलचा करार दिला नाही. वूस्टरला एएचएलचा करार. 2013-14 मध्ये ईसीएचएलच्या सॅन फ्रान्सिस्को बुल्स आणि कलामाझू विंग्जकडून खेळायची वेळ आली. तिथून एएचएलच्या सिराक्यूजने चाचणी करारावर बोलावलं. हा चाचणी करार एएचएलमध्ये जास्तीत जास्त 25 सामन्यांचा असतो, कधीही मोडता येतो. त्यात त्याने गुण मिळवले तसेच मागे धावून चेंडूऐवजी माणूस धरणारा, पेनल्टी किलवर (शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असताना) वापरता येणारा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, अशी ओळखही केली. मार्च 2014 मध्ये टॅम्पाने सही घेतली. एनएचएलमध्ये पूर्ण हंगाम मिळायला 2017-18 उजाडलं. त्यात 25 गोल, 64 गुण, आणि 2020 व 2021 चे दोन स्टॅनली कप. हो, वर “चेंडू” लिहिलं, हॉकीवाले पक म्हणतात. सवय जात नाही.

यातली कळीची गोष्ट पेनल्टी किल. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाला क्लब पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू कमी असताना, चुका करू देतो, कारण त्याच्यावर गुंतवणूक केलेली असते. ड्राफ्ट न झालेल्या मुलाला बारावा-तेरावा फॉरवर्ड म्हणून घेतात, तिथे सात-आठ मिनिटं मिळतात आणि ती गोल करण्याची नसतात. फेसऑफ (खेळ सुरू करताना पंच दोघांमध्ये टाकतो तो पक) जिंकणं, शॉट अडवणं, भिंतीजवळून पक बाहेर काढणं. ॲलेक्स बरोज ईसीएचएलमधून असाच व्हँकुव्हरला पोचला, आधी पेनल्टी किलवर, आणि नंतर व्हँकुव्हरच्या स्टार सेडीन जुळ्या भावांसोबत एकाच फळीत खेळून 2009-10 मध्ये 35 गोल. भाचा आज संघात सर्वाधिक गोल करणारा असेल, तर विसाव्या वर्षाआधी प्रशिक्षकाला सांगून पेनल्टी किलवर मिनिटं मागा. वर गेल्यावर हे शिकवायला कोणी थांबत नाही.

क्लब निवडताना नाव बघू नका, तक्ता बघा. समजा तो उजव्या हाताचा बचावपटू आहे. त्या क्लबकडे एनएचएल आणि एएचएल मिळून उजव्या हाताचे किती, त्यांचं वय काय, कोणाचा करार कधी संपतो. तिथे तीन तरुण उजवे आधीच असतील तर जास्त बोनस मिळाला तरी नको. ड्राफ्टनंतर लगेच, जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला क्लबची विकास शिबिरं असतात. तिथे निमंत्रित म्हणून गेलेल्या मुलाने चार दिवसांत खेळापेक्षा ही माहिती जास्त गोळा करावी. आणि ज्युनियर हंगाम संपल्यावर एएचएल क्लब हौशी चाचणी करारावर बोलावतात, ती संधी फुकट दवडू नये. एजंट खेळाडू संघटनेचा मान्यताप्राप्त आहे ना, ते तपासा. त्याची फी साधारण 3 ते 5 टक्के, तीही पगारातून. आधी रोख मागणाऱ्याला हात जोडा.

मग येतो एक घट्ट नियम, जो बहुतेकांना पंचविशी उलटल्यावर कळतो. एएचएलच्या सामन्यात उतरणाऱ्या 18 स्केटरपैकी (गोलरक्षक सोडून बाकीचे) किमान 13 जण ‘विकसनशील’ असावे लागतात, म्हणजे त्यातल्या बारांचे एनएचएल, एएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगमधले मिळून सामने 260 च्या आत आणि एकाचे 320 च्या आत. एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा. म्हणजे चार हंगामांत मुलगा ‘जुना’ होतो, आणि जुन्यांच्या पाचच जागा. गोलरक्षक यातून वगळलेले आहेत. त्यामुळे त्यांचं गणित निराळं: लोगन थॉम्पसन ज्युनियरनंतर ब्रॉक विद्यापीठात एक वर्ष खेळला, मग ईसीएचएलच्या साउथ कॅरोलायना स्टिंगरेजकडे, 2020 मध्ये व्हेगासने घेतला, आज वॉशिंग्टनचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक. गोलरक्षकाने पंचविशीपर्यंत धीर धरावा. फॉरवर्डने चोविशीला हिशोब मांडावा.

हिशोब जमला नाही तर युरोप. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक. इथे करार बहुधा हातात पडणाऱ्या रकमेचा असतो, वर फ्लॅट आणि गाडी. परदेशी खेळाडूंच्या जागा मात्र काही लीगमध्ये ठरलेल्या, त्यामुळे तिथे भारतीय वंशाच्या कॅनेडियन मुलाला थेट परदेशी कोट्यातच जागा शोधावी लागते. करारात एनएचएलसाठी बाहेर पडण्याचं कलम आणि त्याची तारीख लिहून घ्यायची. युरोप म्हणजे परतीचा रस्ता बंद, असंही नाही. ओवेन साउंडकडून ज्युनियर खेळलेला मार्क जोर्डानो, ड्राफ्ट नाही, 2004 मध्ये कॅलगरीशी करार, 2007 मध्ये दुहेरी पगाराचा करार नाकारून डायनामो मॉस्कोला गेला, 2008 मध्ये परत आला, 2013 ला कॅलगरीचा कर्णधार आणि 2019 मध्ये, 35 व्या वर्षी, सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक. मात्र जाताना तो एनएचएलमध्ये 55 सामने खेळून गेला होता. एकही सामना न खेळता युरोपात गेलेल्याला परत बोलावणं क्वचित येतं, म्हणून जाण्याआधी वरचा निदान एक हंगाम अंगावर असावा असा प्रयत्न करायचा.