रिबॉर्न बाहुलीला सावळा रंग दिला की ती राखाडी का दिसते?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रिबॉर्न, म्हणजे हुबेहूब खऱ्या बाळासारखी रंगवलेली बाहुली करायला नवजात बाळाचं फिक्या व्हिनाइलचं (मऊ प्लास्टिकचं) किट, म्हणजे न रंगवलेले सुटे भाग, घेतलं, भट्टीत पक्के होणारे रंग वापरले, बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) थोडा काळा मिसळून सात थर दिले, उजळ जागी पांढरा घातला, आणि बाळ सावळं दिसायचं सोडून राख फासल्यासारखं दिसतंय, तळहाताच्या रेषांचे तर विटकरी पट्टे झालेत. काळी आणि पांढरी, दोन्ही ट्यूबा आधी डब्यात परत ठेवा. निम्मं दुखणं तिथेच आहे.

मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या सावळ्या बाहुलीचा चेहरा पाचव्या थरापर्यंत बरा होता. मग वाटलं, अजून गडद हवी, म्हणून चिमूटभर काळा घातला. भट्टीतून बाहेर आली ती ओल्या सिमेंटच्या रंगाची. पक्का झालेला थर नुसत्या थिनरने निघत नाही, त्यामुळे ते डोकं अजून माझ्याकडे आहे. नवे मिश्रण आधी त्याच्या मानेवर करून बघते. (तुम्हीही हातापायांची कापडी धडात जाणारी कड याच कामासाठी वापरा. ती नंतर कुणाला दिसत नाही.)

असं होतं कारण खरी कातडी एका रंगाची नसते. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, वरच्या पातळ थरात असतं आणि त्याच्या खाली रक्त. उजेड आत शिरतो, खालचा तांबूसपणा घेऊन परत येतो. सावळ्या माणसात वरची गाळणी दाट असते, पण खालचं रक्त तेवढंच लाल असतं. काळा रंग हा उजेड वरच गिळतो. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक, तो उजेड वरूनच परत पाठवतो आणि खडूची पूड उडाल्यासारखं दिसतं. म्हणून गडदपणा रंग घट्ट करून आणायचा नाही. पातळ, पारदर्शक थर वाढवत न्यायचं.

माझा क्रम सांगते. पहिले दोन-तीन थर तपकिरी नसतातच. अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थिनरने इतकं पातळ की पांढऱ्या बशीवर जेमतेम डाग दिसावा. मग यलो ओकरचा (मातकट पिवळा) एक थर. त्यानंतर बर्न्ट अंबर, आणि गडद करायचं तेव्हा त्यात अल्ट्रामरीन ब्लू. हे दोघे मिळून जवळजवळ काळा होतो, पण तो मेलेला काळा नसतो. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की ऊबदार. मध्यम सावळ्या बाळाला माझे बारा ते पंधरा थर होतात. गडद बाळाला त्याहून जास्त. प्रत्येक थर स्पंजाने थोपटून, आणि स्पंजाचे कोपरे आधी नखाने कुरतडून टाका, नाहीतर गालावर चौकोनी ठसे उमटतात. एका थराला पसंती दिल्याशिवाय दुसरा नको. खिडकीतल्या दिवसाच्या उजेडातच बघा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक तपकिरी रंग छान दिसतो आणि सकाळी रडू येतं.

मधेच रंग भरकटला तर: राखाडी वाटला की लालसर थर, फार नारिंगी झाला की अल्ट्रामरीनचा अगदी पुसट थर, हिरवट झाला की अलिझरिन. तुमची बाहुली पहिल्या गटात बसते.

पण रंगापेक्षाही चुकतं ते कुठे किती गडद, हे. इथे थोडा वेळ घेते, कारण बहुतेक बाहुल्या इथेच बाहुल्या राहतात. आधी बाळाचं वय ठरवा. सावळ्या घरातलं बाळ जन्मतः बरंच उजळ, तांबूस असतं. रंग पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत गडद होत जातो. पुढे ते किती सावळं होणार याचा अंदाज घरातल्या जाणत्या बायका कानाच्या पाळीवरून आणि नखांच्या मुळांवरून बांधतात, आणि ते उगाच नाही. म्हणजे नवजात बाळ रंगवायचं असेल तर अंग उजळ ठेवा आणि कानाची कड, नखांच्या मुळाशी असलेली कातडी, बोटांचे सांधे दोन छटा गडद करा. एवढ्यानेच बघणारा थबकतो. तीन-चार महिन्यांचं बाळ असेल तरच अंगभर गडद जा.

तळहात-तळपाय उजळ असतात, कारण तिथे रंगपेशी विरळ आणि कातडी जाड. पण उजळ म्हणजे पांढरट गुलाबी नव्हे. आणि हातमोजा घातल्यासारखी सरळ रेघ तर मुळीच नको. करंगळीच्या बाजूने स्वतःचा हात वळवून बघा: वरचा रंग कडेला हळूहळू विरतो, बोटांच्या बाजूंनी खाली उतरतो. तळहाताच्या रेषा मात्र आजूबाजूपेक्षा गडद. मी त्या सगळ्यात बारीक ब्रशने, पातळ सिएना-अंबरने ओढते आणि लगेच कोरड्या स्पंजाने निम्म्या पुसते. तुमचे पट्टे विटकरी दिसतात ते या पुसण्याअभावी.

वळ्यांमध्येही घोटाळा होतो. गोऱ्या बाहुलीच्या वळ्यांत लाल भरायची सवय हाताला असते, तीच इथे चालवली तर बाळाला पुरळ उठल्यासारखं दिसतं. सावळ्या अंगावर वळी म्हणजे त्याच रंगाची गडद, जांभळट बाजू. गालावरची लालीही गुलाबी नाही, विटेकडे किंवा जांभळाकडे झुकणारी. शिरा जवळजवळ नकोतच. कानशिलावर एखादी हिरवट-निळी, तीही पहिल्या थरांच्या खाली. ओठ बाहेरच्या कडेला तपकिरी, आत गुलाबी.

एक गंमत. पुष्कळ सावळ्या बाळांच्या कमरेखाली निळसर-करडा डाग असतो, वाढता वाढता बहुधा नाहीसा होतो. तो निळा दिसतो कारण तिथलं मेलॅनिन कातडीत खोल बसलेलं असतं. म्हणून पूर्ण व्हिनाइलच्या अंगावर करायचाच असेल तर सगळ्यात आधी काढा आणि वर बाकीचे थर चढू द्या. वरून काढलात तर मार लागल्यासारखा दिसतो. कापडी धड असेल तर प्रश्नच मिटला.

व्हिनाइलबद्दल: मध्यम रंगाला फिकं किट चांगलं, कारण तळहात राखता येतात. अगदी गडद बाळाला मी तपकिरी व्हिनाइल घेते. थर वाचतात, पण तळवे उजळ करताना घाम फुटतो, कारण तिथे ओकर थोडा घट्टच लावावा लागतो.

भट्टी साधारण १३० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटं, आत वेगळा थर्मामीटर ठेवून, खिडकी उघडी, आणि त्या भट्टीत पुन्हा स्वयंपाक नाही. मॅट वार्निश जाड लावलं की गडद रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून तेही पातळच. तसंही सावळी कातडी मॅट नसतेच. कपाळ, नाकाचा शेंडा, खालचा ओठ यांवर किंचित चमक राहू द्या.

आता हातात असलेल्या बाहुलीचं. टाकू नका. अलिझरिन आणि बर्न्ट सिएना सम प्रमाणात, अगदी पातळ, चेहऱ्यावर आणि हातापायांवर दोन थर, तळवे सोडून. भट्टीतून काढून थंड झाल्यावर खिडकीत धरा. तरी राखाडी वाटली तर तिसरा, थांबायचं तिथेच. आणि फोटो टाकाल तेव्हा मागे पांढरी चादर नको, मध्यम करड्या रंगाचं काही असू द्या. पांढऱ्यासमोर कॅमेरा बाळाला आणखी काळवंडवतो आणि मग रंग चुकलाय की फोटो, हे मलाही इथून सांगता यायचं नाही.