लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ४ नॅनोमीटर, १० नॅनोमीटर लिहितात त्याने खरंच फरक पडतो का?

अमळनेरच्या एका दादांचा प्रश्न आहे, पोरीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय, दुकानदार म्हणतो ४ नॅनोमीटरवालाच घ्या बाकी सगळे जुने झाले, तर हे नॅनोमीटर म्हणजे काय, इंटेल यात मागे का पडली, आणि गुजरातेत धोलेऱ्याला २८ नॅनोमीटरचा कारखाना होतोय तो मग आधीच जुना का. माझं जळगावात १७ वर्षांपासून कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी, आणि हा विषय मनापासून आवडतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

दादा, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण पहिलं म्हणजे तो आकडा आता नुसतं नाव आहे. नव्वदच्या दशकापर्यंत त्या आकड्याचा चिपवरच्या मापाशी संबंध असायचा, आता नाही. ३ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर भरेल असं काही सापडत नाही, ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला बारीक स्विच, त्याला चालू-बंद करणाऱ्या एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर धरलं तर ते ४५-५० नॅनोमीटर निघतं. इंटेलच्या १० मध्ये एका चौरस मिलिमीटरला साधारण १० कोटी ट्रान्झिस्टर बसायचे आणि तैवानच्या टीएसएमसीच्या ७ मध्ये ९ कोटीच्या आसपास, म्हणजे आकडे वेगळे पण माल जवळपास सारखाच, म्हणूनच इंटेलने २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० चं नाव बदलून 'इंटेल ७' केलं. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी लावून बघू नका. एकाच कंपनीचा जुना-नवा लावून बघितला तर चालतं.

खरी लढाई यील्डची आहे, म्हणजे बनवलेल्यातल्या किती चिपा चांगल्या निघतात त्याची, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालतात ना, तेच डोळ्यासमोर आणा. समजा वाऱ्याने गच्चीवर १० ठिकाणी कचरा पडला. तुम्ही २० मोठे बिबडे घातले असतील तर १० खराब, अर्धा माल गेला. तेवढ्याच पिठाचे १०० लहान घातले असतील तरी १०च खराब, ९० चांगले. चिपचं अगदी असंच असतं, सिलिकॉनची १२ इंची चकती म्हणजे वेफर, त्यावर शेकडो चिपा एकदम छापतात, एक वेफर पूर्ण व्हायला तीनेक महिने लागतात आणि मध्ये कुठे एक कण पडला की ती चिप बाद. वेफरचा खर्च तर तेवढाच होतो, शंभरातल्या चांगल्या चिपा ९० निघाल्या की १०, त्यावर कंपनी जगते की बुडते. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिने २०१९ च्या आपल्या रायझन ३००० प्रोसेसरमध्ये हेच ओळखलं, एक मोठी चिप न करता लहान लहान तुकडे म्हणजे चिपलेट टीएसएमसीकडून ७ वर करून घेतल्या आणि बाकीचं इनपुट-आउटपुटचं काम दुसऱ्या चिप कारखान्याच्या जुन्या १२ नॅनोमीटरवर ठेवलं. स्वतःचे कारखाने तर त्यांनी २००९ मध्येच वेगळे काढून दिलेले होते.

आता इंटेल. मी दुकानात हे प्रत्यक्ष बघितलंय, सहाव्या जनरेशनपासून अकराव्यापर्यंत डेस्कटॉपचे प्रोसेसर सगळे १४ नॅनोमीटरवरच यायचे, गिऱ्हाईक विचारायचं नवीन काय आहे तर मला सांगायला फार काही नसायचं. कारण त्यांनी १० मध्ये एकाच उडीत सगळं करायचं ठरवलं, ट्रान्झिस्टरची दाटी एकदम २.७ पट, तारांसाठी कोबाल्ट हा नवा धातू, गेटच्या वरच जोडणी, आणि हे सगळं जुन्या १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने, कारण चिपवरची नक्षी प्रकाशानेच छापतात. त्या प्रकाशाने बारीक रेघा एका वेळी उमटतच नाहीत, मग एकच थर चार-चार टप्प्यात करावा लागतो, म्हणजे रांगोळीच्या चाळणीची भोकं लांब लांब असली की ती थोडी थोडी सरकवून मधल्या ठिपक्यांसाठी परत परत दाबावी लागते तसं, आणि प्रत्येक वेळेला चुकायची संधी. यील्ड बसलंच नाही, २०१८ मध्ये १० चा जो पहिला प्रोसेसर विकला त्यातलं ग्राफिक्स बंद ठेवलेलं होतं, खरा माल २०१९ मध्ये सुरू झाला.

टीएसएमसीने उलट केलं, पाऊल लहान ठेवलं. २०१८ मध्ये ७ आणलं ते जुन्याच प्रकाशाने, पुढच्या वर्षी त्याच ७ मध्ये काही थोड्या थरांनाच नवा ईयूव्ही, म्हणजे खूपच कमी तरंगलांबीचा प्रकाश लावून बघितला, मग २०२० मध्ये ५. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये ही कंपनी काढली तीच मुळी स्वतःची चिप न विकता फक्त दुसऱ्यांची बनवून द्यायची म्हणून, त्यामुळे ॲपलसारखी सगळी मोठी गिऱ्हाईकं त्यांच्याकडे येतात आणि दरवर्षी फोनसाठी कोट्यवधी चिपा एकाच पद्धतीने निघतात, एवढा माल हातातून गेला की चूक कुठे होते ते कळतंच. सॅमसंगने जून २०२२ मध्ये ३ ची सुरुवात सगळ्यात आधी केली आणि ट्रान्झिस्टरची नवी रचनाही आणली तरी मोठी गिऱ्हाईकं तैवानलाच राहिली. इंटेलनेही २०२४ च्या लूनर लेक लॅपटॉप प्रोसेसरचा मुख्य भाग टीएसएमसीकडूनच बनवून घेतला. आता इंटेलचं १८ए, म्हणजे त्यांची नवी चिप बनवायची पद्धत, सुरू झालंय ॲरिझोनात, त्यात वीज चिपच्या मागच्या बाजूने देतात, इंजिनिअरिंग म्हणून ते मला फार जबरदस्त वाटतं आणि ते जमावं असं मनापासून वाटतं, कारण एकाच बेटावर सगळ्या जगाचा भार असणं बरं नाही.

ईयूव्हीचं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँडची एएसएमएल. वितळलेल्या कथिलाचे बारीक थेंब, सेकंदाला ५० हजार, आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. तो हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून आत व्हॅक्यूम आणि भिंगाऐवजी आरसे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. चीनला हे यंत्र मिळत नाही, तरी २०२३ मध्ये हुआवेच्या फोनमध्ये चीनच्याच एसएमआयसी कंपनीने केलेली ७ ची चिप निघाली, जुन्या प्रकाशाने परत परत छापून.

धोलेऱ्याला जुनं म्हणू नका. टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून ९१ हजार कोटींचा कारखाना आहे, महिन्याला ५० हजार वेफरची क्षमता धरलीय, आणि २८ नॅनोमीटरचा माल गाड्यांत, स्क्रीनमध्ये, चार्जिंगच्या सर्किटमध्ये लागतोच लागतो. यील्ड २८ वर बसवायला शिकल्याशिवाय ७ कुणी देत नाही.

आता पोरीचा लॅपटॉप. फरक पडतो, पण स्पीडपेक्षा गरमीत आणि बॅटरीत जास्त पडतो. ७ वरून ५ ला गेलं की तेवढ्याच स्पीडला वीज ३० टक्के कमी लागते असं टीएसएमसी सांगते आणि त्यांचं ४ हे ५ चंच सुधारलेलं रूप आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, खोलीच तापलेली असते, त्यात चिप तापली की ती स्वतःच स्पीड कमी करते, तेव्हा हे ३० टक्के जाणवतात. फक्त नाव नीट वाचा. रायझनच्या ७००० वाल्या लॅपटॉपमध्ये तिसरा आकडा बघायचा, ७५२० मध्ये तो २ आहे म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या प्रोसेसरच्या रचनेचं नाव), २०१९ ची रचना ६ नॅनोमीटरवर, आणि ७५४० मध्ये ४ म्हणजे झेन ४, तोच ४ नॅनोमीटरवाला. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि स्टिकर सारखंच दिसतं, तर बिल करायच्या आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या, आणि शंका वाटली तर ते नाव इथेच खाली टाका, मी बघून सांगतो.