लोगन, डस्टर आणि ३०९ : जुन्या फ्रेंच गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २००९ची लोगन डिझेल ९६ हजार किलोमीटर चालली आहे. टायमिंग बेल्ट मूळचाच आहे. गॅरेजवाले म्हणतात, बेल्टला एकही चीर नाही, लाख पूर्ण होऊ द्या. थांबलं तर चालेल का?
– वाचक, नाशिक

उत्तर : थांबू नका. बेल्ट बदलेपर्यंत गाडी लांबच्या प्रवासालाही काढू नका. तुमच्या गाडीत रेनोचं १४६१ सीसीचं के९के इंजिन आहे. त्याचा टायमिंग बेल्ट कॅमशाफ्टबरोबर डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात घसरले की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय होतंच. शिवाय आतून दोरा सुटलेला बेल्ट वरून पाहिला तर ठणठणीत वाटतो. आमचा सल्ला ८० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते.

नुसता बेल्ट टाकू नका. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँक पुलीचा बोल्ट असे चारही नवे घ्या. जुना पंप पुढच्या वर्षी गळू लागला तर तेच सगळं काम पुन्हा करावं लागेल. पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. तो आधी टॉर्कवर आणि मग ठरलेल्या कोनात आवळतात, आणि दोन्ही आकडे बोल्टच्या जाडीनुसार बदलतात. म्हणून मॅन्युअलमध्ये तुमच्याच बोल्टचा आकडा बघायला सांगा.

कामाच्या वेळी शक्य असेल तर समोर उभे राहा. उजवीकडचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं, त्यामुळे आधी संपखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनला आधार द्यायला हवा. इंजिन टीडीसीवर (पहिला पिस्टन सगळ्यात वर असेल अशा स्थितीत) आणून क्रँकला लॉकिंग पिन आणि कॅम पुलीच्या भोकातून हेडमध्ये ८ मिमीची पिन बसवायची. पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट चढवणारा कारागीर एक दात चुकला तर गाडी सुरू होते, पण धूर आणि थरथर कायमची मागे लागते. पुलीचा बोल्ट सोडताना क्रँकच्या पिनवर जोर येऊ देऊ नका, ती वाकते. बेल्ट ताणून झाला की पिना काढून इंजिन हाताने, पान्याने, फिरण्याच्याच दिशेला दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि पिना पुन्हा सहज बसतात का ते पाहायचं. बसत नसतील तर सुरुवातीपासून करा.

कव्हर उघडलेलंच आहे तर कॅम आणि क्रँकचं ऑइल सील बघून घ्या. ऑइल लागलेला नवा बेल्टही टिकत नाही. अल्टरनेटरचा बाहेरचा पट्टा उसवलेला असेल तर तोही बदला. त्याचे दोरे खालच्या कव्हरमधून आत शिरून टायमिंग बेल्टखाली अडकतात, आणि चांगला बेल्ट त्यापायी जातो.

प्रश्न : याच इंजिनात ‘बेअरिंग जातं’ असं ऐकलं. खरं आहे का? ऑइल १५ हजारांवर बदललं तर चालतं का?
– वाचक, सांगली

उत्तर : खरं आहे. के९केचा कच्चा दुवा म्हणजे कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे शेल, म्हणजे क्रँकला धरणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, आणि ते लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लांबलेलं ऑइल. शेल गेल्याचा आवाज खालून येतो. इंजिन गरम असताना, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन सोडला की जड ठकठक ऐकू येते. ऑइल प्रेशरचा दिवा लागेपर्यंत क्रँक खराब झालेला असतो, त्यामुळे त्या दिव्यावर विसंबू नका.

ऑइल १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदला. गाडी रोज शहरातल्या गर्दीतच चालत असेल तर साडेसात हजारांना बदला. फिल्टरसह साधारण साडेचार लिटर लागतं, पण शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत हळूहळू टाका. डबा घेताना ब्रँडपेक्षा मागची बाजू वाचा. ज्या गाडीला पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, तिला रेनोचं आरएन०७१० किंवा एसीईए ए३/बी४ लिहिलेलं ऑइल चालतं.

दीड लाखाच्या पुढे गेलेली गाडी ठेवायचीच असेल तर आठही शेल एकदा बदलून घ्यावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे. इंजिन उतरवावं लागत नाही, संप काढून खालून काम होतं. मात्र क्रँकच्या जर्नलवर (शेल बसतात त्या गोल भागावर) नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवे शेल टाकण्यात अर्थ नाही. मग क्रँक ग्राइंडिंगला पाठवायला हवा.

प्रश्न : २०१३ची डस्टर डिझेल सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते. गॅरेजने चारही इंजेक्टर बदलायला सांगितले आहेत. आधी ग्लो प्लग बदलून पाहू का?
– वाचक, पुणे

उत्तर : ग्लो प्लगने फरक पडण्याची शक्यता कमी आहे. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, आपल्याकडच्या हवेत ते ग्लो प्लगशिवायही सुरू होतं. स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. बॅटरी दमलेली असेल आणि सेल्फ सावकाश फिरत असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) पुरेसं प्रेशर तयार होत नाही आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. त्यानंतर डिझेल फिल्टर बघा. त्याच्या तळातलं पाणी काढा. तो २० हजार किलोमीटरच्या आत बदललेला नसेल तर बदला. नवा फिल्टर बसवल्यावर लाइनमधला हातपंप घट्ट होईपर्यंत दाबायचा, मगच सेल्फ मारायचा. लाइनमध्ये हवा असताना सेल्फ मारत बसलं की हाय प्रेशर पंप कोरडा फिरतो. या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यामुळे कोरडा फिरला की तो आतून घासतो.

एवढ्यावर फरक पडला नाही तर लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलिंगला ठेवायचं आणि पातळ्या शेजारीशेजारी धरून पाहायच्या. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली असेल तर तोच इंजेक्टर दोषी. या चाचणीशिवाय चारही बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. जुना फिल्टर कापून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात धरा. चांदीसारखी चमकणारी बारीक पूड दिसली तर पंप झिजून धातू सोडतो आहे. अशा वेळी पंप तसाच ठेवून नवे इंजेक्टर बसवले तर तेही जातील. पंप, रेल, पाइप आणि टाकी सगळं साफ करून किंवा बदलूनच पुढे जा.

इंजेक्टर बदलावाच लागला तर त्याखालचा तांब्याचा वॉशर नवा घाला आणि खोललेला हाय प्रेशर पाइपही नवा घाला. इंजेक्टर डेल्फीचा असेल तर त्यावर १६ अक्षरांचा कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. कोड न भरता गाडी हातात दिली तर आयडलिंगला खडखड आणि काळा धूर ठरलेलाच.

प्रश्न : पेजो ३०९ डिझेल. मागची चाकं वरून आत झुकली आहेत, खड्ड्यात करकर आवाज येतो. अलाइनमेंटवाले म्हणतात, मागे काही अ‍ॅडजस्टमेंट नाही.
– वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्याच शेजारी, कल्याणच्या कारखान्यात बनलेल्या गाडीचा हा नेहमीचा आजार आहे. या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत. प्रत्येक चाकाच्या ट्रेलिंग आर्ममध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यात) दाबून बसवलेला शाफ्ट आडव्या नळीतल्या सुई-बेअरिंगवर फिरतो. नळीच्या टोकाचं सील फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस वाहून जातं, सुया गंजतात आणि शाफ्टला खाचा पाडतात. आर्म तिरका होतो आणि चाक आत झुकतं. ग्रीस भरायला निपल नसल्याने बाहेरून काहीच करता येत नाही.

खात्री करून घ्यायला मागून जॅक लावा, घोड्या (आधाराचे स्टँड) ठेवा आणि चाक वरखाली धरून हलवा. ढिलाई व्हील बेअरिंगमध्ये आहे की आर्मच्या मुळाशी, हे दुसऱ्या माणसाला आर्मवर हात ठेवायला सांगितलं की कळतं. आर्म हलत असेल तर लगेच काम काढा. लवकर उघडलं तर बेअरिंग आणि सीलवर भागतं. उशीर केला तर शाफ्ट जातो आणि नळीचं तोंडही खराब होतं. शाफ्ट लेथवर करून घ्यायचा असेल तर हार्ड करून ग्राइंड केलेलाच हवा. साध्या लोखंडाचा शाफ्ट सुया थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात.

उतरवण्याआधी दोन कामं चुकवू नका. गाडी सपाट जागी उभी करून मागची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. आणि टॉर्शन बारवर, आर्मवर आणि नळीच्या ब्रॅकेटवर पंचाने खूण करा. डावा बार उजवीकडे बसवायचा नाही. एका दाताच्या फरकाने गाडी एका बाजूला बसते, आणि मग सगळं पुन्हा खोलावं लागतं. बसवताना शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागी ठरलेल्या लांबीची लोखंडी पट्टी लावून आर्म त्या उंचीवर धरतात, मग बार आत सरकवतात. हे माहीत नसलेल्या गॅरेजला गाडी देऊ नका.

प्रश्न : ३०९ डिझेलचे इंजिनचे पार्ट कुठे शोधायचे?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडीच्या नावाने विचारू नका, इंजिनच्या नावाने विचारा. तुमचं १५२७ सीसीचं टीयूडी५ इंजिन मारुतीच्या झेन आणि एस्टीम डिझेललाही होतं. टायमिंग बेल्ट, गॅस्केट, व्हॉल्व्ह अशा वस्तू त्या नावाने मिळतात. परदेशातून मागवायच्या असतील तर पेजो १०६ आणि सिट्रोएन सॅक्सोच्या दीड लिटर डिझेलचे पार्ट बघा. माउंटिंग, पाइप आणि बाहेरचे ब्रॅकेट मात्र गाडीनुसार बदलतात, ते नमुना हातात धरूनच घ्या.

प्रश्न : ३०९ पेट्रोलचं हेड गॅस्केट गेलं आहे. काम साधं आहे का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नाही. १३६० सीसीच्या त्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) सुटे असतात आणि त्यांच्याभोवती कूलंट असतं. हेड सरळ वर उचललं तर लायनर त्याला चिकटून हलतात, खालचं सील सुटतं आणि पाणी संपमध्ये उतरतं. बोल्ट काढल्यावर हेड आधी दांड्याने किंचित पुढेमागे हलवून सोडवायचं, मगच उचलायचं. हेड निघाल्यावर लायनर क्लॅम्पने दाबून धरल्याशिवाय क्रँक अजिबात फिरवायचा नाही. काम झाल्यावर कूलंट भरताना एअर ब्लीडचे स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. हवा राहिली तर नवं गॅस्केटही जळेल.

प्रश्न : लोगन पेट्रोलच्या डाव्या चाकाजवळ ऑइल टपकतं. मेकॅनिक म्हणतो, ‘अ‍ॅक्सलचा बूट फाटलाय, ग्रीस भरून देतो.’
– वाचक, म्हापसा

उत्तर : ग्रीस भरू देऊ नका, आणि गाडी फिरवूही नका. या गिअरबॉक्सला डावीकडचा आतला बूट हाच ऑइल अडवणारा भाग आहे. तो तीन बोल्टांनी गिअरबॉक्सला बसतो. बूट फाटला की गिअरबॉक्सचं ऑइल वाहून जातं. नवा बूट बेअरिंगसकट मिळतो. जुना काढण्याआधी शाफ्टच्या टोकापासून बेअरिंग किती आत आहे ते मोजा आणि नवा तेवढाच आत दाबा. मग ७५डब्ल्यू८० ऑइल भरा, लेव्हलच्या भोकातून ओसंडेपर्यंत.

प्रश्न : हीच गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते.
– तोच वाचक

उत्तर : पेट्रोल पंप बदलण्याआधी टीडीसी सेन्सर (क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर) बघा. क्लच हाउसिंगच्या वर दोन छोट्या बोल्टांनी बसवलेला असतो. टोकाला क्लचची पूड जमते आणि कनेक्टरच्या पिना सैल होतात. काढून पुसा, पिना घट्ट करा. मल्टिमीटरने रेझिस्टन्स २०० ते २७० ओहमच्या आसपास यायला हवा. गाडी बंद पडलेली असतानाच, सेन्सर गरम आहे तोवर मोजा. थंड झाल्यावर मोजाल तर तो ठीकच दिसेल.

प्रश्न : लोगनचा ऑइल ड्रेन प्लग गॅरेजमध्ये गोल झाला. आता काय?
– वाचक, सातारा

उत्तर : या प्लगला ८ मिमीची चौकोनी की लागते. तिच्याऐवजी ॲलन की ठोकली की कोपरे गोल होतात. आता प्लगला बाहेरून नट वेल्ड करून काढा, नवा प्लग आणि नवा वॉशर लावा, आणि चौकोनी की स्वतः विकत घेऊन डिकीत ठेवा.